दोन काठांचे एक गाव: कोमार्नोला जाणाऱ्या कोकणवासीयांसाठी

कोमार्नोला जायचे ठरले की तिकीट काढण्याआधी एका कागदावर दोन नावे लिहून घ्यावीत: कोमार्नो आणि कोमारोम. पहिले गाव स्लोव्हाकियात, डॅन्यूब नदीच्या उत्तर काठावर आहे. दुसरे हंगेरीत, दक्षिण काठावर. एवढ्यावर भागले असते तर हा लेख लिहायची गरज पडली नसती. खरी अडचण अशी की उत्तरेकडच्या कोमार्नोत निम्म्याहून अधिक वस्ती हंगेरियन लोकांची आहे आणि ते आपल्या गावालाही कोमारोमच म्हणतात. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा घरमालकिणीने फोनवर ‘कोमारोम’ एवढेच सांगितले आणि मी दक्षिण काठावरच्या स्टेशनाबाहेर पाठीवर बॅग घेऊन तासभर तिची गल्ली शोधत राहिलो. ती बिचारी पलीकडच्या काठावर जेवण झाकून बसली होती. चूक माझीच होती, कारण ‘नदीच्या कोणत्या बाजूला?’ हा प्रश्न तेरेखोल नदीकाठच्या आरोंद्यात वाढलेल्या माणसाला तरी सुचायला हवा होता.

म्हणून पत्ता विचारताना गावाच्या नावापेक्षा देशाचे नाव विचारावे. हंगेरियन माणसाला दोन्ही काठ वेगळे करून सांगायचे असतील तर तो उत्तरेच्या गावाला ‘रेवकोमारोम’ म्हणतो. त्यांच्या भाषेत ‘रेव’ म्हणजे नदी ओलांडण्याची होडी, आपली ‘तर’; म्हणजे हे तरीचे कोमारोम झाले. आपल्या रेवस बंदराच्या नावाशी हा शब्द जुळतो तो निव्वळ योगायोगाने, पण लक्षात ठेवायला त्याचा उपयोग होतो.

जाण्याचे मार्ग दोन आहेत. बुडापेस्टहून ग्यॉर आणि व्हिएन्नाकडे जाणाऱ्या मुख्य रेल्वेमार्गावर दक्षिणेचे कोमारोम लागते. तिथून पुलावरून चालत उत्तर काठावर जाता येते. ब्रातिस्लाव्हाहून येणारी गाडी दुनाय्स्का स्त्रेदामार्गे थेट उत्तरेच्या कोमार्नोत पोचते. ज्याच्या हातात सामान कमी आणि दिवस मोकळा आहे त्याने पहिला मार्ग घ्यावा, कारण १८९२ साली बांधलेल्या एर्झेबेत पुलावरून गावात पायी शिरण्यासारखी दुसरी ओळख नाही. अवजड वाहनांसाठी २०२० मध्ये पश्चिमेला नवा पूल झाल्यापासून गावाला बराच मोकळा श्वास मिळाला आहे.

दोन्ही देश २००७ च्या २१ डिसेंबरपासून शेंगेन क्षेत्रात आहेत, म्हणून पुलावर सहसा कोणी अडवत नाही. तरीही पासपोर्ट खोलीवर ठेवून पूल ओलांडू नये. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये स्लोव्हाकियाने हंगेरीच्या हद्दीवर तात्पुरती तपासणी पुन्हा सुरू केली होती आणि अशी तपासणी पूर्वसूचना देऊन येतेच असे नाही. नोकरीसाठी जाणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पक्की समजून घ्यावी: तिथले रहिवासी एका काठावर राहून दुसऱ्या काठावर कामाला जातात, म्हणून आपल्यालाही ते चालेल असे मानू नये. त्यांचे नागरिकत्व युरोपीय संघातील देशाचे असते. आपला काम करण्याचा परवाना ज्या देशाने दिला त्याच देशापुरता चालतो. पाकिटातही दोन कप्पे लागतात, कारण स्लोव्हाकियाने २००९ मध्ये युरो स्वीकारला आणि हंगेरीत अजून फोरिंटच चालतो.

गावाचे दोन तुकडे कसे झाले हे थोडक्यात तरी माहीत असावे. १८९६ मध्ये उत्तरेचे कोमारोम आणि दक्षिणेचे उइस्योन्य ही दोन गावे एकत्र करून एकच नगर करण्यात आले होते. पहिल्या महायुद्धानंतर ४ जून १९२० च्या त्रियानोन कराराने डॅन्यूब हीच हंगेरी आणि चेकोस्लोव्हाकिया यांची सरहद्द ठरली आणि जेमतेम जोडलेले नगर पुन्हा दोन झाले. १९३८ च्या नोव्हेंबरात उत्तर काठ हंगेरीकडे गेला, १९४५ मध्ये तो परत चेकोस्लोव्हाकियाकडे आला आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत लोकसंख्येच्या अदलाबदलीत स्लोव्हाकियातून ९० हजारांच्या आसपास हंगेरियन लोकांना घरदार सोडून दक्षिणेला जावे लागले. १९९३ पासून हा काठ स्वतंत्र स्लोव्हाकियाचा आहे. माझ्या आजीचे माहेर तेरेखोल नदीपलीकडे किरणपाण्याला होते. १९६१ पूर्वी पोर्तुगीज हद्दीत माहेरी जायचे म्हणजे परवाना लागे, आणि सणाला भाऊ न्यायला आला नाही तर त्याचा दोष भावाला द्यायचा की सरकारला, हे तिला शेवटपर्यंत ठरवता आले नाही. कोमार्नोतल्या म्हाताऱ्यांशी बोलताना मला हीच गोष्ट वेगवेगळ्या तोंडांनी ऐकायला मिळाली. म्हणून तिथे इतिहास सांगू नये, ऐकावा.

पाट्या वाचायला शिकणे हे पहिल्या दिवसाचे काम आहे. गावाच्या वेशीवर स्लोव्हाक नाव वर आणि हंगेरियन नाव त्याखाली वेगळ्या पाटीवर असते. दुकानांवर आणि कार्यालयांवर दोन्ही भाषा असतात, पण दोन्ही रोमन लिपीत असल्यामुळे नवख्याला कोणता शब्द कोणाचा हे कळत नाही. त्याची सर्वांत सोपी किल्ली पोस्टाच्या पाटीवर मिळते. दोन्ही भाषांत उच्चार ‘पोश्ता’ असाच आहे. मात्र हंगेरियनमध्ये रोमन ‘एस’ हे अक्षर साधेच ‘श’ म्हणून वाचतात, तर स्लोव्हाकमध्ये साधा ‘एस’ म्हणजे ‘स’, आणि ‘श’ हवा असेल तर त्याच्या डोक्यावर उलट्या काकपदासारखी खूण देतात. म्हणजे एकाच उच्चाराचे दोन शब्द शेजारी शेजारी, आणि फरक केवळ त्या खुणेचा. खुणा असलेली व्यंजने दिसली की स्लोव्हाक समजावे. स्वरांवर दोन ठिपके किंवा दोन तिरक्या रेघा असल्या की बहुधा हंगेरियन. ‘बहुधा’ म्हणण्याचे कारण असे की दोन ठिपक्यांचा एक स्वर स्लोव्हाकमध्येही आहे. स्वरावरची एकच तिरकी रेघ दोन्हीकडे दीर्घत्व दाखवते. आपल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या सवयीमुळे ते जड जात नाही.

मराठी माणसाला इथे एक फायदा असा मिळतो की ज्याबद्दल कोणी बोलत नाही. दोन्ही भाषांतला रोमन ‘सी’ हा आपल्या ‘चमच्या’तला दन्त्य च आहे आणि त्यांचा दुसरा च ‘चहा’तला तालव्य. हिंदी बोलणाऱ्या माझ्या सोबत्यांना हा फरक महिनाभर जमला नाही. आपल्याला तो शाळेत न शिकवताही येतो. रस्त्याला स्लोव्हाकमध्ये ‘उलित्सा’ आणि हंगेरियनमध्ये ‘उत्सा’ म्हणतात, आणि दोन्हीतला ‘त्सा’ म्हणजे तोच चमच्याचा च. हंगेरियन ‘उत्सा’ हा मुळात स्लाव शब्दावरूनच आलेला आहे. शेजाऱ्याकडून शब्द उसने घेण्याची ही सवय जुनी आहे: बुधवार स्लोव्हाकमध्ये ‘स्त्रेदा’, हंगेरियनमध्ये ‘सेर्दा’, शुक्रवार ‘पियातोक’ आणि ‘पेन्तेक’. रविवारचा हंगेरियन शब्द मात्र ‘वाशार्नॉप’, म्हणजे अक्षरशः बाजाराचा दिवस. त्यातला ‘वाशार’ हा फार्सी ‘बाजार’चा भाऊबंद आहे. आठवडी बाजारावरून दिवस मोजणाऱ्या आपल्या माणसाला हा शब्द पाठ करावा लागत नाही.

दोनांपैकी कोणती भाषा शिकावी, हा प्रश्न जाणारा प्रत्येक जण विचारतो. माझे मत असे आहे की कागदपत्रांसाठी स्लोव्हाक आणि माणसांसाठी हंगेरियन शिकावी, पण सुरुवात स्लोव्हाकने करावी. राज्यभाषा ती आहे. करार, परवाने, दवाखान्यातले कागद यांना तिच्यावाचून पर्याय नाही. ती शब्दांनी आपल्या दूरच्या नात्यातलीही आहे: ‘द्वा’, ‘त्रि’ हे आकडे, ‘ब्रात’ म्हणजे भाऊ, ‘मेसो’ म्हणजे मांस, हे ऐकताना संस्कृताचे जुने घर आठवते. तिच्यात आपल्यासारखी तीन लिंगे आहेत. ‘ओन, ओना, ओनो’ म्हणजे सरळ तो, ती, ते. उलट हंगेरियनमध्ये लिंगच नाही. तिन्हींना एकच सर्वनाम चालते, त्यामुळे कोणी एखाद्याबद्दल पाच मिनिटे बोलले तरी तो पुरुष की बाई हे कळत नाही. तिचे शब्दही आपल्या कुळातले नाहीत. पण वाक्य जोडण्याची तिची रीत मात्र आपल्या ओळखीची आहे. ‘घरात’ म्हणताना आपण घराला प्रत्यय चिकटवतो; तेही ‘हाझ’ला ‘बॉन’ चिकटवून ‘हाझबॉन’ म्हणतात. ‘कोमारोमात’ हे हंगेरियनमध्ये ‘कोमारोमबॉन’ होते, तर स्लोव्हाकमध्ये आधी ‘व’ म्हणून मग ‘कोमार्ने’ म्हणावे लागते. एक भाषा शब्दांनी आपली आणि दुसरी बांधणीने आपली. म्हणून दोन्हींपैकी एकही पूर्ण परकी वाटत नाही.

तरी शब्दांच्या याद्या पाठ करण्याआधी एखाद्या बेकरीच्या काउंटरजवळ दहा मिनिटे रांगेत उभे राहावे. मी ज्या बेकरीत रोज पाव घ्यायचो तिथल्या बाईंचे काम पाहण्यासारखे होते. पुढची आजी दारातून आत आली तशी तिला हंगेरियनमध्ये नमस्कार. मागून शाळकरी मुलगा, त्याच्याशी स्लोव्हाक. तिसरा माणूस, त्याने स्वतःच आधी तोंड उघडावे म्हणून क्षणभर थांबणे. माझी पाळी आली की चेहरा पाहून स्लोव्हाक, मग जर्मन. आणि सुटे पैसे हातावर ठेवताना, गिऱ्हाईक कोणीही असो, ओठांत पुटपुटणे ‘एग्य, केत्त्यो, हारोम’. आकडे ज्या भाषेत मोजले जातात ती घरातली भाषा असते, हे मी आमच्या नाक्यावरच्या दुकानदाराकडून शिकलो होतो. तोही गोव्याच्या गिऱ्हाइकाला ‘कितें जाय?’, गावच्या माणसाला ‘काय व्हया?’ आणि तहसीलच्या साहेबांना ‘काय हवे आहे?’ असे एका दमात विचारतो आणि यात आपण काही विशेष करतो आहोत असे त्याला वाटत नाही.

यावरून नियम असा निघतो की आपण आधी नमस्कार करावा आणि उत्तर कोणत्या भाषेत येते ते ऐकावे. ‘दोब्री देन्य’ ही स्लोव्हाक सुरुवात कुठेही चालते. उत्तरात ‘यो नॉपोत’ आले तर पुढचा ‘धन्यवाद’ हंगेरियनमध्ये म्हणावा. तो ‘क्योस्योन्योम’ असा काहीसा आहे, आणि त्यातला स्वर साधायचा तर ओठ ‘ओ’साठी गोल करून जिभेने ‘ए’ म्हणावे. स्लोव्हाकमध्ये तोच ‘द्याकुयेम’. निरोप घेताना ‘दोविद्येन्या’ किंवा ‘विसोन्तलाताश्रा’. दुसरा जिभेवर बसेपर्यंत हसे होते, पण ते प्रेमळ असते. दोन्ही भाषांत शब्दावरचा जोर पहिल्या अक्षरावर असतो. समवयस्क स्लोव्हाक मित्र एकमेकांना ‘अहोय’ म्हणतात. समुद्र नसलेल्या देशाने खलाशांची हाक रोजच्या वापरात कशी घेतली याचे मला अजून नवल वाटते. कोमार्नोत मात्र जुना जहाजबांधणीचा कारखाना असल्यामुळे ती फारशी परकी वाटत नाही.

वडीलधाऱ्यांना हाक मारताना आपली सवय तिथे जशीच्या तशी चालते. हंगेरियन मुले ओळखीच्या म्हाताऱ्याला नावापुढे ‘बाची’ आणि म्हातारीला ‘नेनी’ लावतात, म्हणजे आपले अमुककाका आणि तमुकमावशी. मोठा भाऊ आणि धाकटा भाऊ यांना त्यांच्याकडे वेगळे शब्द आहेत, बहिणींनाही. आपण परदेशी असल्यामुळे ‘नेनी’ म्हणण्याआधी थोडी ओळख होऊ द्यावी. पन्नाशीच्या बाईला ते म्हटले तर तिला आवडेलच असे नाही. कोकणातही आजी म्हटल्यावर भडकणाऱ्या मावश्या आहेतच.

नावांच्या बाबतीत घाईने निष्कर्ष काढू नयेत. हंगेरियन माणूस आधी आडनाव आणि मग नाव सांगतो, अगदी आपल्या दहावीच्या गुणपत्रिकेसारखे. स्लोव्हाक क्रम उलटा. स्लोव्हाकमध्ये बाईच्या आडनावाला ‘ओवा’ लागतो, जसे आपल्याकडे जोशीण किंवा पाटलीण. हंगेरियन बायकांना तो सक्तीचा नाही आणि पुष्कळ जणी नोंदणीत तो लावत नाहीत. ‘कोवाच’ हे आडनाव दोन्ही भाषांत लोहाराचे आहे, उच्चार एकच, लिहिण्यात फरक. घराच्या पाटीवर कोवाच कोणत्या रीतीने लिहिले आहे यावरून आत कोणती भाषा बोलली जाते हे सांगता येत नाही, कारण लग्ने पुलासारखीच दोन्ही बाजूंनी होतात. २०२१ च्या जनगणनेत स्लोव्हाकियात सुमारे ४ लाख २२ हजार लोकांनी आपले राष्ट्रीयत्व हंगेरियन नोंदवले. त्या वेळी पहिल्यांदाच दुसरे राष्ट्रीयत्व नोंदवण्याची सोय होती आणि आणखी सुमारे ३४ हजारांनी त्या रकान्यात हंगेरियन लिहिले. म्हणून ‘तुम्ही नक्की कोण?’ हा प्रश्न विचारूच नये. त्याऐवजी ‘घरी काय बोलता?’ असे विचारले तर माणूस मोकळा होतो.

त्याहून नाजूक विषय पासपोर्टचा. २०१० मध्ये हंगेरीने सीमेबाहेरच्या हंगेरियन लोकांना नागरिकत्व सोपे केले आणि लगेच स्लोव्हाकियाने, दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतल्यास आपले जाईल, असा कायदा केला. तो २०२२ मध्ये सैल झाला. मधल्या वर्षांत कोणी काय केले हे कोणी परक्याला सांगत नाही. त्या कायद्यांच्या आदल्याच वर्षी, २१ ऑगस्ट २००९ रोजी, हंगेरीचा पहिला राजा संत इश्त्वान याच्या पुतळ्याच्या अनावरणासाठी कोमार्नोत येणारे हंगेरीचे राष्ट्राध्यक्ष लास्लो शोयोम यांना स्लोव्हाकियाने प्रवेश नाकारला होता. तो दिवस चेकोस्लोव्हाकियावरच्या १९६८ च्या आक्रमणाचा स्मृतिदिन होता आणि त्या आक्रमणात हंगेरीचे सैन्यही सामील होते, हे त्यामागचे एक कारण. प्रकरण युरोपीय न्यायालयापर्यंत गेले आणि २०१२ मध्ये हंगेरीच्या विरोधात निकाल लागला. हे सर्व ऐकताना मराठी माणसाच्या तोंडी बेळगाव येणारच, विशेषतः अल्पसंख्याक भाषेच्या वापरासाठीची तिथली २० टक्क्यांची अट २०११ मध्ये १५ टक्क्यांवर आणण्याचे ठरले हे कळल्यावर, कारण परिपत्रके मराठीत मिळावीत म्हणून आपल्याकडे पुढे केला जातो तो निकषही १५ टक्क्यांचाच आहे. पण पहिल्या भेटीत ही तुलना करू नये. समोरच्याला आपली बाजू घ्यायची असते किंवा नसते, आणि दोन्ही वेळी जेवण थंड होते.

जेवणाबद्दल फार सांगण्यासारखे नाही. आपले तिखले जिभेवर असलेल्याने ‘हालास्ले’ जरूर मागवावे. पाप्रिका घातलेला हा लालभडक माशाचा रस्सा पाहून मालवणची आठवण होते, पण मासा गोड्या पाण्याचा असतो आणि काटे जपून काढावे लागतात. आंबटपणासाठी कोकम शोधू नये.

फिरायला एक दिवस पुरतो. जनरल क्लॉप्का यांच्या नावाच्या चौकापासून सुरुवात करावी. १८४९ मध्ये त्यांनी इथला किल्ला हंगेरियन स्वातंत्र्यलढ्याच्या अखेरपर्यंत लढवला. किल्ल्यावर एका दगडी कुमारिकेची मूर्ती आहे आणि ‘ना युक्तीने, ना बळाने’ अशा अर्थाचे लॅटिन वाक्य. कादंबरीकार मोर योकाइ १८२५ मध्ये आणि संगीतकार फ्रान्झ लेहार १८७० मध्ये याच गावात जन्मले. हंगेरियन भाषेत शिकवणारे यानोश शेये विद्यापीठ २००४ मध्ये इथे सुरू झाले. ताणतणावाच्या अभ्यासासाठी प्रसिद्ध असलेले शेये लहानपणी या गावात वाढले. पाट्यांवर या तिघांची नावे कोणत्या क्रमाने लिहिली आहेत तेवढे पाहत चालावे: आडनाव आधी आले की आपण हंगेरियन ओळ वाचत आहोत.

परतीची गाडी कोणत्या काठावरून आहे हे तिकिटावर पुन्हा एकदा पाहून घ्यावे आणि पूल ओलांडायला निदान अर्धा तास हाताशी ठेवावा. पाऊस असेल तर पाऊण. पुलावर वारा आमच्या खाडीसारखाच तिरका येतो आणि छत्री उलटी करतो.